हुकावर पस्तीस, खाली चारशे ऐंशी

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो आपल्याला नीट कळलेला असावा, आणि लिहिण्याचा थोडा सराव असावा. माझ्याकडे दोन्हींची खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. घरात लिहिलं जायचं ते अर्ज, आणि तेही वडील दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. मी स्वतः प्रॅक्टिकलच्या जर्नलांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे मागचं पुढे होईल, काही सांगायचं राहून जाईल. नाव लिहीत नाही, कारण ते लिहायची परवानगी मी घेतलेली नाही. आणि परवानगी या गोष्टीला त्यांच्या लेखी फार किंमत होती.

मी त्यांना काका म्हणायचो. दिल्लीत द्वारकेतल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. बाल्कनीला लागून असलेल्या छोट्या खोलीत मी दोन वर्षं राहिलो. काका केंद्र सरकारच्या नकाशांशी संबंधित एका खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर डोंगरांच्या उंचीच्या रेषा काढल्या, पण डोंगरात जाणं फारसं झालं नाही, असं काकू म्हणायच्या. काकूंची पस्तीस वर्षं दिल्लीत गेली होती आणि त्यांनी बर्फाचं शिखर एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्याला कारण होतं त्यांची पाठ. मणक्याचं जुनं दुखणं. त्यांना झोप यायची ती फक्त स्वतःच्या सागवानी फळीवर, तिच्यावर पातळ गादी घालून. हॉटेलातल्या मऊ गादीवर एक रात्र काढली की पुढचे चार दिवस त्यांना उठून बसता यायचं नाही.

"फळी डोंगरात न्यायची, बस्स," काका म्हणाले. "फळीभोवती भिंती लागतील, भिंतींखाली चाकं लागतील. म्हणजे ट्रेलर."

अशा रीतीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलरचं काम सुरू झालं. लोखंडी सांगाडा, प्लायवूडच्या भिंती, वर पत्र्याचं छप्पर, मागे उघडणारं छोटं स्वयंपाकघर. गाडीच्या मागे जोडायचं, रस्त्याकडेला सोडवून त्यात राहायचं. मिस्त्री त्याला 'डब्बा' म्हणायचा, काकू 'तुमचं डबडं' म्हणायच्या. काका मात्र नेहमी पूर्ण शब्द वापरत: 'निवासी ट्रेलर'.

काकांची पहिली विचित्र गोष्ट मला कळली ती बोलण्यातली. वर घरात ते मला 'अरे' म्हणत. "अरे, जेवलास का? तोंड का उतरलंय तुझं?" जिना उतरून पार्किंगमध्ये पाय ठेवला की त्याच तोंडातून 'आपण' यायचं. "इंजिनियरसाहेब, आपलं काय मत?" मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका विषयात कसाबसा पास झालेलो. 'इंजिनियरसाहेब' ऐकलं की मला मागे वळून पाहावंसं वाटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे हरकत वही. पार्किंगच्या खांबाला सुतळीने बांधलेली एक लांबट वही आणि तिला लटकवलेलं पेन. ट्रेलरबद्दल कुणाचं काही म्हणणं असेल तर त्याने तिच्यात लिहायचं. तोंडी हरकत काका ऐकायचेच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अंकल, सुबह सुबह इतनी ठक-ठक!" काकांनी हसून वहीकडे बोट केलं. बाईंनी तिथेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत खाली क्रमांक घालून उत्तर आलेलं होतं: ठोकण्याची वेळ दहानंतरची करण्यात आली आहे. कुणा शाळकरी मुलाने लिहिलं होतं, 'अंकल मुझे भी ले जाना'. त्याखाली काकांच्या नकाशातल्यासारख्या अक्षरात: 'विचाराधीन'.

मी एकदा विचारलं होतं, "काका, तोंडी का नाही चालत?"

"तोंडी हरकत घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, मी असं म्हटलंच नव्हतं. लिहिताना माणूस थांबतो. आपल्याला खरंच काय म्हणायचंय ते त्याला कळतं."

ते मला पटलं होतं. त्या नियमात एक भोकही होतं, ते पुढे दिसलं.

गाडी चालवण्याची त्यांची तऱ्हा तर सगळ्या सोसायटीला ठाऊक होती. ते ब्रेक जवळजवळ लावतच नसत. लाल दिवा लांबून दिसला की पाय उचलायचे आणि त्यांची जुनी जीप आपली आपण हळू व्हायची, दिव्यापाशी पोचेपर्यंत दिवा हिरवा व्हायचा. मागून हॉर्नांचा कल्लोळ. "ओ ताऊ, सो गया क्या!" काका शांत. "ब्रेक म्हणजे उशिरा सुचलेला विचार," ते मला म्हणायचे. पण ट्रेलरच्या बाबतीत त्यांनी हे कधी म्हटलं नाही. तिथे ब्रेकचा विषय निघाला की ते खुर्ची ओढून बसत. "माझ्या गाडीच्या मागे काकूंची फळी येणार. उतारावर ती फळी माझ्या गाडीला पुढे ढकलणार. तेव्हा ब्रेक ट्रेलरचा स्वतःचा हवा."

लोक म्हणत होते, एवढ्या छोट्या डब्याला ब्रेक कशाला? मिस्त्रीही आधी तेच म्हणाला. पण काकांनी धक्क्यावर चालणारा ब्रेक ठरवला. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर तिला मागून रेटतो. त्या रेट्यानेच हुकाजवळचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. त्याला वायर नको, बटण नको. काकांना ही कल्पना फार आवडली होती. "अगदी आमच्या खात्यासारखं आहे हे. मागून रेटा आल्याशिवाय काही हलायचंच नाही."

आता ब्रेकचे ड्रम केवढे घ्यायचे, हा प्रश्न होता. छोट्या व्हॅनचे घ्यायचे की मालवाहू गाडीचे मोठे? आणि चाकांवर किती पाट्यांची, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची, स्प्रिंग घालायची? दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यात होतं: भरलेल्या ट्रेलरचं वजन. तो आकडा काढायचं काम काकांनी माझ्यावर सोपवलं. मी म्हटलं, काका, तुम्ही एकदा तपासून घ्या. ते म्हणाले, "नाही. आपल्यावर तपासणारा आहे हे कळलं की काम करणारा सैल होतो. आकडा आपला, जबाबदारी आपली."

मिस्त्रीचं वर्कशॉप नजफगढ रोडला होतं. सांगाडा आणि भिंती उभ्या राहिल्यावर ट्रेलर काही दिवस तिथे नेला होता, तेव्हा मी त्याला फोनवर सांगितलं, सामानाइतक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या आत ठेवा, काट्यावर न्या, हुकावर किती वजन येतं आणि चाकांवर किती येतं ते मला सांगा. दुसऱ्या दिवशी मी लेक्चरला होतो तेव्हा त्याचा फोन आला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो. मागे मशीनचा आवाज होता. तो म्हणाला, "हुक पे पैंतीस, खाली चार सौ अस्सी। लिख लो।"

मी भिंतीला वही टेकवून लिहिलं: हुकावर ३५, खाली ४८०.

मी मुद्दाम इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढचं सगळं या ओळीवर उभं आहे. लिहिताना माझ्या कानात हिंदी होती. आठ दिवसांनी आकडेमोड करायला बसलो तेव्हा वही उघडली, आणि वाचताना माझ्या डोक्यात मराठी होती. हुकावर पस्तीस, खाली, म्हणजे चाकांवर, चारशे ऐंशी. एक वर, एक खाली. विचारलेल्या दोन प्रश्नांची दोन उत्तरं. मला जराही शंका आली नाही. मी वर शंभर किलोंची सूट धरली आणि काकांना लेखी दिलं: व्हॅनचे छोटे ड्रम पुरेत, आणि पाचऐवजी तीन पाटे, म्हणजे काकूंच्या पाठीला हिसके कमी.

पाटे कमी करायला मिस्त्रीचा विरोध होता. "पाँच की पाँच रहने दो बाबूजी। कमानी कम करोगे तो बैठ जाएगा डब्बा।"

काका म्हणाले, "अच्छा। लिखके दीजिए।"

मिस्त्री हसला. हातातला पाना त्याने मांडीवर पुसला. "लिखना आता तो मैं यहाँ होता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हिशेबाने तीन पुरतात. आणि दोन पाटे निघाले. त्या नियमातलं भोक हेच होतं. ज्याला कळत होतं त्याला लिहिता येत नव्हतं, आणि ज्याला लिहिता येत होतं तो मी होतो.

काकांची चाचणी मात्र पुस्तकात नव्हती. सस्पेन्शन चांगलं की वाईट हे ठरवायला ते दही लावायचे. कोमट दूध, चमचाभर विरजण, काचेचं भांडं, आणि ते भांडं ट्रेलरच्या जमिनीवर, बरोबर चाकांच्या मधोमध. मग ट्रेलर ओढत तीन-चार तास फिरायचं. हिसके बसले तर दही लागत नाही, नुसतं पाणी आणि चोथा. पाच पाट्यांवर दोनदा दही फसलं होतं. काकू भडकल्या होत्या. "माझं विरजण संपवलंत! शेजारी जाऊन दही मागते मी, या वयात!"

"अहो, हे शास्त्रीय काम आहे."

"मग शास्त्रीय कढी करा आज."

तीन पाटे झाल्यावर मोठी चाचणी ठरली: पानिपत. काकांचं म्हणणं असं, की मराठी माणसाने दिल्लीहून नवीन वाहन कुठे न्यायचं तर काला अंबला, मराठ्यांच्या रणभूमीवरच्या स्मारकापाशी, डोकं टेकवून यायचं. मे महिन्यातला रविवार होता. ट्रेलर जवळजवळ रिकामाच होता: जेवणाचा डबा, पाण्याची एक कळशी, चटई आणि दह्याचं भांडं. मी मागच्या सीटवर बसून मागच्या काचेतून ट्रेलरकडे पाहत होतो. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली व्हायचा. पण ट्रेलर इतका छान चालत होता की मलाच नवल वाटलं.

काला अंबला काका स्मारकासमोर बराच वेळ टोपी काढून उभे राहिले. मग आम्ही सावलीत बसलो. काकूंनी पोळी-भाजी वाढली. काका म्हणाले, "शूर कमी नव्हते रे. पण बुणगे किती! लढणारे एक आणि त्यांच्यामागे ओढत न्यायची माणसं, सामान, बाजार. आपल्यामागे किती ओझं आहे ते निघताना कुणी मोजलं नाही." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आपण मोजलंय."

परत आल्यावर काकांनी पार्किंगमध्येच भांडं बाहेर काढलं आणि चमचा उभा केला. चमचा उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, चौकीदार, दोन-तीन मुलं, सगळे वाकून पाहत होते. काकांनी प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही दिलं आणि माझ्याकडे हात करून सांगितलं, "हमारे इंजिनियर। इनका हिसाब है।" मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. संध्याकाळी मी घरी फोन केला. माझे वडील परभणीकडच्या आमच्या गावात नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करतात, वॉर्डावॉर्डात जाऊन चाव्या फिरवतात. ते फक्त म्हणाले, "दही लागलं म्हणजे लईच झालं की."

कुमाऊँच्या डोंगरात जायचं ठरलं जूनच्या सुरुवातीला. पहाटे लवकर निघून हल्द्वानी, काठगोदाम आणि तिथून वर घाट.

आदल्या दिवशी दुपारी सामान भरलं. मी आणि चौकीदाराने मिळून. पाण्याची टाकी काठोकाठ भरली. गॅसचा सिलिंडर. सागवानी फळी, जी उचलताना चौकीदार म्हणाला, "इसमें तो पूरा पेड़ है।" गादी, कपड्यांच्या दोन पेट्या, कुकर, पोळपाट, पीठ-तांदूळ, जॅक, जादाचं चाक, काकांच्या नकाशांची पत्र्याची नळकांडी. काकू वरून बाल्कनीतून सांगत होत्या, "ती निळी बादली राहिली बघ. आणि स्टूल!"

सगळं झाल्यावर मी घाम पुसत मागे सरकलो आणि चाकाकडे पाहिलं. पाट्यांची स्प्रिंग धनुष्यासारखी वाकलेली असते. ती वाकलेली नव्हती. फूटपट्टीसारखी सरळ झाली होती.

मी खाली बसून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या चाकाचीही तशीच. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी चार बोटं जायची, आता दोन जेमतेम जात होती. मी स्वतःला सांगितलं, जागा उताराची असेल. जागा उताराची नव्हती.

खोलीत जाऊन वही काढली. हुकावर ३५, खाली ४८०. मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. मग एकदा हळू, मिस्त्रीच्या आवाजात वाचली.

मिस्त्रीला फोन लावला. "भैया, उस दिन वज़न में बोरियाँ रखी थीं ना?"

"कौन सी बोरियाँ? उस दिन रेत आई ही नहीं। बोला तो था तेरे को, खाली चार सौ अस्सी। खाली मतलब खाली, भाई। डब्बा-डब्बा। और क्या?"

दिल्लीत येऊन मला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. 'सीट खाली है क्या' हे मी रोज बसमध्ये ऐकत होतो, रोज बोलत होतो. माझी आई सोडली तर हे कुणाला खरं वाटलं नसतं.

मी सामानाची बेरीज केली. भरलेला ट्रेलर साडेसातशेच्या वर जात होता. सपाट रस्त्यावर कदाचित काही कळणारही नाही. पण घाटातून उतरताना तो रेटा मिनिटामागून मिनिट चालूच राहणार, छोटे ड्रम तापणार, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. हे आमच्या पुस्तकात होतं. त्यावर परीक्षेत प्रश्न आला होता, आणि मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

मी सांगायला उठलो. हे मी खरंच सांगतो, मी उठलो. बाहेरच्या खोलीत काका लँडलाइनवर बोलत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "हे काय, आलेच आपले चिरंजीव. घ्या." त्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला होता. निघण्याआधी त्यांना कळवणं योग्य, असं त्यांना वाटलं होतं.

वडील म्हणाले, "साहेब म्हणायलेत, तुझ्या आकड्यावर गाडी चालायलीय. बाईच्या पाठीचं दुखणं तुझ्या भरवशावर निघालंय म्हणायलेत. खरं का रं?"

मी म्हटलं, "हो."

"मी हितं समद्यांला सांगितलं. लई बरं वाटलं बघ."

मी फोन ठेवला. काकू स्वेटर घडी करत होत्या. एक जुना, लाल. "हा किती वर्षं पेटीत होता. दिल्लीत कधी घालायलाच झालं नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सकाळी सांगू. सकाळी काका पार्किंगमध्ये असतील, 'आपण' म्हणतील, तिथे सांगणं सोपं जाईल. असा विचार मी केला. आता तो लिहिताना लाज वाटते.

सकाळी साडेपाचला काकांनी खांबावरची वही सोडवली, शेवटचं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "इंजिनियरसाहेब, निघतोय. आपली काही हरकत?"

समोर जीपमध्ये काकू बसल्या होत्या. लाल स्वेटर मांडीवर होता, जूनच्या उकाड्यात.

मी म्हटलं, "नाही, काका."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. वही मिटली. मी चाकांखालच्या विटा काढल्या. जीप सुरू झाली. ट्रेलर हलला, आणि मग ते गेटबाहेर रस्त्याला लागले. मी गेटपाशी उभा होतो. तिथपर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही.

तासाभराने मला धीर आला. धीर कसला, भीती जास्त झाली. मी काकांच्या मोबाईलवर फोन केला. बंद. प्रवासात ते फोन बंद करून कप्प्यात टाकायचे, हे मला माहीत होतं. माझ्या फोनमध्ये देवनागरी नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज लिहिला: घाट चढू नका, वजन चुकलं, चूक माझी. पाठवला. तो पोचल्याची खूण आली नाही. काकूंचा नंबर लावला, आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी त्यांचा फोन वाजायला लागला. त्या विसरून गेल्या होत्या. तो वाजणारा फोन मी किती वेळ तसाच ऐकत राहिलो. कट करायचं सुचलं नाही.

पहिला दिवस गेला. मी कॉलेजला गेलो नाही. दर अर्ध्या तासाने फोन, दर वेळी तोच बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. दुसऱ्या दिवशी मी चौकातून हिंदीची दोन वर्तमानपत्रं आणली आणि उत्तराखंडच्या बातम्या ओळ न् ओळ वाचल्या. एका घाटात एक गाडी दरीत गेल्याची बातमी होती. ती बस होती. ती बस आहे हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल मग काही खाता आलं नाही.

खाली पार्किंगमध्ये ट्रेलरच्या जागी तेलाचा डाग होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन येताना म्हणाल्या, "अंकल-आंटी पहुँच गए? ठंड होगी वहाँ, मज़े हैं!" मी मान हलवली. हो म्हणालो की नाही ते मलाही कळलं नसेल.

पोलिसांना सांगावं का, असाही विचार आला. काय सांगणार? की माझा एक शब्द चुकला आहे? वडिलांना सांगावं असं वाटलं, पण त्यांचं ते 'लई बरं वाटलं' कानात होतं. मिस्त्रीला पुन्हा फोन केला. तो यावेळी हसला नाही. मग म्हणाला, "बाबूजी गाड़ी सँभाल के चलाते हैं। ब्रेक वैसे भी नहीं मारते।" मला धीर देण्यासाठीच बोलला तो. पण उतारावर ब्रेक न लावता कोण गाडी चालवू शकतं, हे त्यालाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला लँडलाइन वाजली. मी धावलो. चार-पाच घंटा वाजू दिल्या. मग उचलला. पलीकडे रहदारीचा आवाज आणि कुणाचा तरी ओरडा. मग काकू.

"अरे, ऐकू येतंय का? मी बूथवरून बोलतेय. यांना सांगून आले नाही, भाजी आणते म्हणून निघालेय."

मी म्हटलं, "येतंय, काकू."

"तीन दिवस झाले, आम्ही काठगोदामच्या अलीकडे एका आंब्याच्या बागेत मुक्काम ठोकून आहोत. घाट चढायलाच तयार नाहीत हे. रोज सकाळी मी तयार होऊन बसते, आणि हे चाकापाशी जाऊन बघून येतात आणि म्हणतात, आज नको. शेवटी काल मी भांडले. तेव्हा बोलले. म्हणाले, निघताना मी आरशात पाहिलं. तो पोरगा ट्रेलरला हात लावून गेटपर्यंत चालत आला. गाडी चालली तरी हात काढेना. म्हणाले, त्याला काहीतरी सांगायचंय, ते कळल्याशिवाय मी तुला वर नेणार नाही. मी म्हटलं, मग फोन करून विचारा ना त्याला. तर म्हणतात, एकदा विचारलंय. पुन्हा विचारलं तर पुन्हा नाही म्हणेल. त्याचं त्यालाच सांगू दे."

मागे एक ट्रक गेला. काकू तो जाईपर्यंत थांबल्या.

"माझ्याच्यानं काही राहवलं नाही. बोल आता, मला सांग. काय झालंय?"